पडक्या हवेलीचा हिशेब

हिंदी चित्रपटाच्या इतिहासात १९७२ या वर्षाची नोंद बहुधा 'पाकीझा'च्या नावाने केली जाते. कमाल अमरोही यांनी सुमारे दीड दशक उराशी जपलेला, मध्यंतरी बंद पडलेला, पुन्हा उभा राहिलेला आणि मीनाकुमारींच्या निधनाच्या काही आठवडे आधी पडद्यावर आलेला तो चित्रपट अशा नोंदीस सर्वथा पात्र आहे. परंतु त्याच वर्षी आणखी एक चित्रपट प्रदर्शित झाला. 'दो गज जमीन के नीचे' हे त्याचे नाव. महाबळेश्वरच्या एका सरकारी विश्रामगृहाचा आसरा घेऊन, अवघ्या चाळीस दिवसांत आणि सुमारे साडेतीन लाख रुपयांत तो पुरा झाला. त्यात नामवंत नट नव्हता की डोळे दिपवणारा देखावा नव्हता. तरीही त्याने आपला खर्च भरून काढला, वर नफा मिळवला आणि पुढे अठरा वर्षे अखंड चाललेल्या एका परंपरेचा पाया घातला. रामसे बंधूंचे भयपट ही ती परंपरा होय.

सुशिक्षित मराठी घरांतून या परंपरेचा उल्लेख झालाच तर तो हसण्यावारी नेण्यासाठी होत असे. वृत्तपत्रीय समीक्षेने तिला चार ओळींत निकालात काढले. शाळामास्तरांनी विद्यार्थ्यांना त्या वाटेला जाऊ नये असे बजावले आणि विद्यार्थी अर्थातच त्याच वाटेने गेले. आज त्या चित्रपटांना चार-पाच दशके लोटल्यावर त्यांच्याकडे पुन्हा पाहण्याची गरज आहे, ती केवळ गतकाळच्या हळव्या आठवणींसाठी नव्हे. एका पडक्या हवेलीत रात्री काय चालते याची गोष्ट लक्षावधी लोकांना वर्षानुवर्षे का पाहावीशी वाटली, ती सांगणाऱ्यांनी कोणत्या कष्टाने सांगितली आणि आपण त्या कष्टांचे मोल कोणत्या मापाने केले, हे प्रश्न चित्रपटापुरते मर्यादित नाहीत.

भूत नाकारणारी पिढी

योगायोग असा की, हिंदी पडद्यावर झपाटलेल्या वास्तूला प्रतिष्ठा मिळवून दिली तीही कमाल अमरोही यांनीच. १९४९ साली 'बॉम्बे टॉकीज'साठी त्यांनी दिग्दर्शित केलेला 'महल' हा त्यांचा पहिलाच चित्रपट. ओसाड हवेली, भिंतीवरची आपल्याच चेहऱ्याची तसबीर पाहून थबकलेला अशोककुमार, झोपाळ्यावर दिसणारी आणि दिसता दिसता नाहीशी होणारी मधुबाला, आणि लता मंगेशकरांचा दुरून जवळ येत जाणारा स्वर, या साहित्यातून हिंदी चित्रपटातील पुढच्या सगळ्या हवेल्या उभ्या राहिल्या. पण 'महल'चा शेवट ध्यानात घेतला पाहिजे. तेथील भूत हे भूत नसतेच. ती असते हवेलीच्या माळ्याची जिवंत मुलगी.

पुढे १९६२ चा 'बीस साल बाद' आणि १९६४ चा 'वो कौन थी' यांनीही हाच मार्ग पत्करला. प्रेक्षकाला अडीच तास भिवविल्यानंतर अखेरीस दिवा लावून दाखवायचे की, भुतामागे माणूसच होता; कोठे तो सूडाने पेटलेला होता, तर कोठे मालमत्तेच्या लोभाने आंधळा झालेला. १९५८ चा 'मधुमती' हा या नियमाला ठळक अपवाद. एरवी स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या दोन दशकांचा एकूण सूर असा होता, की अंधाराचे कारण शोधले म्हणजे अंधार जातो. धरणे, प्रयोगशाळा आणि पंचवार्षिक योजना यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या पिढीला तो सूर मानवणाराही होता.

रामसे बंधूंनी हा करार मोडला. त्यांच्या चित्रपटात भूत खरे असते. अखेरीस पोलीस निरीक्षक येऊन खुलासा करीत नाही. प्रेत जमिनीतून उठते, हवेलीत फिरते आणि आपले येणे वसूल करते. तर्काच्या दृष्टीने हे एक पाऊल मागे पडले हे खरे. मात्र ते पाऊल नेमके सत्तरीच्या दशकात पडावे आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घ्यावे, यालाही काही अर्थ आहे. त्याकडे वळण्यापूर्वी हे चित्रपट कसे घडले ते पाहणे आवश्यक आहे.

मुखवट्याने दिलेला धडा

फत्तेचंद रामसिंघानी हे मूळचे कराचीचे व्यापारी. तेथे त्यांचे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना त्यांचे आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे 'रामसे' झाले आणि तेच पुढे चिकटले. फाळणीनंतर मुंबईत येऊन त्यांनी पुन्हा दुकान थाटले आणि जोडीने चित्रपटनिर्मितीत पैसा घालण्यास आरंभ केला. १९६३ चा 'रुस्तम सोहराब' हा त्यांचा महत्त्वाकांक्षी चित्रपट. पृथ्वीराज कपूर त्यात होते, सुरैया यांचा तो अखेरचा चित्रपट, संगीत सज्जाद हुसेन यांचे, आणि दिग्दर्शन विश्राम बेडेकर यांचे. 'रणांगण' लिहून मराठी कादंबरीला नवे वळण देणारे हेच ते बेडेकर.

पुढे १९७० साली याच निर्मात्यासाठी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट निघाला. त्याचेही दिग्दर्शन बेडेकरांचेच. चित्रपट साफ पडला. मात्र त्यात एक प्रसंग असा होता, की पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात आणि पोलिसांच्या गोळ्यांनाही ते दाद देत नाहीत. फत्तेचंद यांचे तुलसी आणि श्याम हे मुलगे चित्रपटगृहात बसून लोकांचा कल न्याहाळीत होते. त्यांना दिसले ते असे : प्रेक्षक येतात, तेवढा प्रसंग डोळे विस्फारून पाहतात आणि उरलेल्या चित्रपटाची फिकीर न करता बाहेर पडतात. त्यांनी वडिलांपुढे प्रस्ताव ठेवला, की लोकांना जे हवे आहे तेच आरंभापासून अखेरपर्यंत का देऊ नये?

आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या योगायोगाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. हिंदी भयपटाची ठिणगी जेथे पडली, तो चित्रपट मराठीतील एका श्रेष्ठ कादंबरीकाराने दिग्दर्शित केलेला होता. श्रेष्ठ आणि हीन यांच्यामधल्या ज्या भिंती आपण फार पक्क्या समजतो, त्यांना अशी दारे असतात.

सात भावांचा कारखाना

कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या निर्मात्याला बाहेरचे तंत्रज्ञ परवडणारे नव्हते. तेव्हा फत्तेचंद यांनी आपल्या सात मुलांनाच तंत्रज्ञ बनवायचे ठरविले. जोसेफ मॅसेली यांचे 'द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी' हे छायाचित्रणावरचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक हाती घेऊन सगळे कुटुंब काश्मीरला गेले आणि तेथे हाऊसबोटीवर मुक्काम ठोकून भावांनी त्याचे अध्ययन केले. कोणत्याही चित्रपट संस्थेचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते. पुस्तक, कॅमेरा आणि एकमेकांचे दोष काढण्याची मुभा एवढ्यावर ही शाळा चालली. कामांची वाटणी झाली ती अशी : कुमार यांच्याकडे पटकथा, किरण यांच्याकडे ध्वनी, गंगू यांच्याकडे छायाचित्रण, अर्जुन यांच्याकडे संकलन, केशू यांच्याकडे निर्मितीची व्यवस्था आणि छायाचित्रणास साहाय्य, तर तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन.

असा हा जथा कलावंतांसह बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेला. राहण्याची जागा तीच चित्रीकरणाची जागा. घरातल्या स्त्रिया सगळ्यांचा स्वयंपाक सांभाळीत. कपडे बहुतेक घरचेच. मुंबईच्या स्टुडिओत दिवसाच्या पाळीचे भाडे भरून, सुतार-रंगारी लावून जी हवेली उभी करावी लागली असती, ती येथे आयती उभी होती. आणि धुक्याला तर महाबळेश्वरात पैसे पडत नाहीत.

काटकसर ही येथे नाइलाजाने आली खरी, पण तिच्यातूनच एक शैली घडली. भीतीचे तंत्र मुळात स्वस्त असते. दार उघडण्यापूर्वी त्याची कडी हलते, पाऊल दिसण्यापूर्वी लाकडी जिन्याची पायरी करकरते, आणि पाहणाऱ्याचे मन पुढचे चित्र आपल्या खर्चाने पुरे करून घेते. आवाज आधी, दर्शन नंतर, हा या प्रकाराचा पहिला नियम. दुसरा नियम विलंबाचा : प्रेक्षकाला जे येणार हे ठाऊक असते, ते शक्य तितके लांबवायचे. स्टुडिओतल्या सेटची एखादी भिंत काढून कॅमेरा मागे नेता येतो. खऱ्या घरात ती सोय नसते. कॅमेरा कोपऱ्यात दबून बसतो, माणसे दारांच्या चौकटींतून दिसतात, आणि घर माणसांना चोहोबाजूंनी घेरून आहे असा भास आपोआप होतो. त्यावर तांबड्या-हिरव्या-निळ्या प्रकाशाचे झोत सोडून या भावांनी पुढे आपली अशी एक रंगपद्धती तयार केली. तिला भडक म्हणता येईल, पण ती दुसऱ्या कोणाची आहे असे म्हणता येणार नाही.

वारशाचे भूत

'दो गज जमीन के नीचे' या चित्रपटाची कथा साधी आहे. श्रीमंत नवरा, त्याच्या संपत्तीवर डोळा ठेवून त्याचा काटा काढणारी बायको आणि तिचे साथीदार, आणि ज्या जमिनीत पुरले तेथून परत आलेला मृत. त्याच्या यशानंतर जे चित्रपट निघाले, त्यांची नुसती नावे ओळीने वाचावीत : 'दरवाजा', 'गेस्ट हाऊस', 'हॉटेल', 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'डाक बंगला', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाजा'. ही यादी एखाद्या इमारतीच्या नकाशासारखी दिसते. अन्य हिंदी चित्रपटांची नावे नायकाच्या पराक्रमावरून किंवा प्रेमावरून पडत असताना रामसे बंधूंच्या चित्रपटांची नावे वास्तूवरून पडली. कारण त्यांचा खरा नायक, आणि खरा खलनायकही, घर हाच होता.

यांपैकी १९८४ सालचा 'पुराना मंदिर' हा सर्वांत गाजलेला. त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत त्याची गणना होते. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने सामरी नावाच्या सैतानाचा शिरच्छेद केला. धड एकीकडे पुरले, शिर दुसरीकडे बंदिस्त केले. मरता मरता सामरीने शाप दिला, की या घराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. राजाचा आजचा वंशज ठाकूर ही गोष्ट मुलीपासून लपवून ठेवतो आणि तिच्या प्रेमाला विरोध करतो. मुलगी आणि तिचा प्रियकर सत्य शोधीत त्या जुन्या हवेलीत जातात. सामरीची भूमिका करणारे अजय अगरवाल हे शिक्षणाने अभियंता. त्यांचा उंच, रुंद देह आणि चेहऱ्याची ठेवण यांवर त्या चित्रपटाची निम्मी भीती उभी होती.

या कथेतील अलौकिक भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर उरते ते काय? पूर्वजांनी केलेल्या कृत्याचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या पिढीपुढे येतो. वडीलधारी मंडळी तो दडवतात. घराण्याची अब्रू आणि घराण्यातील स्त्रीचा जीव यांपैकी पहिली गोष्ट राखली जाते. तरुण पिढी तळघराचे कुलूप तोडते. हे कथानक सैतानाशिवायही आपल्या परिचयाचे आहे. कूळकायद्याचे दावे, भाऊबंदकीचे खटले, दत्तकविधानांचे वाद आणि विधवेच्या नावावरची जमीन यांच्या कागदपत्रांनी आपली न्यायालये भरलेली आहेत. वाड्यातील भुताच्या लोककथा तपासल्या, तरी त्यांत बहुधा पुरलेले धन असते, फसवलेला वारस असतो किंवा विहिरीत जीव दिलेली सून असते. अन्यायाची नोंद ज्या समाजात दप्तरात होत नाही, तेथे ती भुताच्या रूपाने टिकते.

काळाचाही विचार केला पाहिजे. १९७१ च्या अखेरीस घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता संपुष्टात आली. जमीनदारी त्याआधीच कायद्याने गेलेली होती. अनेक राजवाडे आणि हवेल्या यांची देखभाल करणे मालकांना जड जाऊ लागले आणि चित्रीकरणासाठी त्या भाड्याने मिळू लागल्या. मुरूडला समुद्रकाठच्या टेकडीवर उभा असलेला जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा रामसे बंधूंच्या चित्रीकरणाचे एक आवडते ठिकाण ठरला. सत्ता गेली, पण वास्तू उरली. कायद्याने संपलेली सरंजामशाही गावागावांत मात्र संपलेली नव्हती. ठाकूर, मुखत्यार आणि मांत्रिक ही माणसे तालुक्याच्या गावातील प्रेक्षकाला अपरिचित नव्हती. पडद्यावर तो जे भूत पाहत होता, त्याच्या सावलीत तो दिवसाही वावरत होता.

प्रदर्शनाचे अर्थकारण

या चित्रपटांचे वितरणही त्याच प्रेक्षकाला धरून चालले. मोठ्या शहरांतील प्रतिष्ठित चित्रपटगृहांच्या मुख्य खेळांवर ते अवलंबून नव्हते. जिल्ह्याची व तालुक्याची ठिकाणे आणि शहरांच्या कडेची जुनी चित्रपटगृहे हा त्यांचा खरा मुलूख. बहुतेकांना केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळे आणि परिनिरीक्षण मंडळाची कात्री ठरलेली असे. म्हणजे कुटुंबासह येणारा प्रेक्षक आधीच वगळला गेला. तरीही भांडवल थोडे असल्यामुळे तोट्याचा धोका थोडा, आणि चित्रपट चालला तर नफ्याचे प्रमाण मोठे. बड्या नटांच्या तारखा मिळेपर्यंत व्याज भरणाऱ्या निर्मात्यांच्या तुलनेत हा व्यवहार शहाणपणाचा होता.

ऐंशीच्या दशकात घरोघर व्हिडिओ आला आणि मध्यमवर्ग चित्रपटगृहापासून दूर गेला. अशा वेळी भयपटाने काही चित्रपटगृहे जगवली, कारण भीती ही समूहाने भोगण्याची गोष्ट आहे. अंधारात शेजारचा अनोळखी माणूस दचकला म्हणजे आपणही दचकतो, आणि लगेच सगळे मिळून हसतात. दिवाणखान्यात दिवा लावून पाहिलेले भूत केवळ रंगवलेला माणूस असते.

दोन आक्षेप

या चित्रपटांवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींची दखल घेणे भाग आहे. पहिला अंधश्रद्धेचा. महाराष्ट्रात तो विशेष गंभीर आहे. १९८९ साली, म्हणजे 'पुरानी हवेली' ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा राज्यात संमत झाला. भुताखेतांच्या नावावर माणसे मारली जातात अशा समाजात भूत खरे मानणारे चित्रपट निरुपद्रवी कसे, असा प्रश्न शिक्षकाने विचारला तर तो रास्तच होय.

त्याचे उत्तर देताना एक भेद लक्षात घ्यावा लागतो. तिकीट काढून तीन तासांपुरती विकत घेतलेली भीती आणि बुवाने घरात येऊन लादलेली भीती या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीतून बाहेर पडण्याचे दार प्रेक्षकाच्या हाती असते. दुसरीत ते बुवाच्या हाती असते. कायद्याचा रोखही फसवणूक, शोषण आणि अघोरी प्रथा यांवर आहे, कल्पित कथेवर नाही. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा लिहिल्या आणि त्या आवडीने वाचणारे वाचक म्हणून काही देवऋषाकडे गेले नाहीत. परंतु रामसे बंधूंच्या चित्रपटांचा एक दोष यातून झाकला जात नाही. त्यांच्या भुतावरचा उतारा बहुधा त्रिशूळ, मंदिर किंवा मंत्र हाच असतो. घराण्याने केलेल्या अन्यायाचा प्रश्न मांडायचा आणि उत्तर मात्र दैवी शस्त्रावर सोपवायचे, ही पळवाट आहे. हवेलीच्या मालकाला जाब विचारण्याच्या जवळ येऊन हे चित्रपट थांबतात आणि सैतानाला जाळून मोकळे होतात.

दुसरा आक्षेप स्त्रीदेहाच्या प्रदर्शनाचा. तो अधिक निर्विवाद आहे. ज्या कथेत घराण्याच्या अब्रूसाठी स्त्रीचा बळी जातो, त्याच कथेत कॅमेरा तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर त्या घराण्याच्या मालकाचीच असते. स्नानगृहातील दृश्ये ही गल्ल्याची गरज होती असे समर्थन केले जाते. गल्ल्याचा हिशेब खरा असला, तरी तो नैतिक समर्थन ठरत नाही. कथेने घेतलेली बाजू दृश्यांनी सोडून दिली, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

मात्र हे आक्षेप गांभीर्याने घेतले जाण्यासाठी आधी चित्रपट गांभीर्याने पाहिले जावे लागतात. त्या काळच्या समीक्षेने ते पाहिलेच नाहीत. त्यामुळे त्यांच्यातील खऱ्या दोषांवर बोट ठेवले गेले नाही, आणि जे कौशल्य होते तेही नोंदले गेले नाही. उपहासाने कोणतीही कला सुधारत नाही. ती फक्त आपल्या प्रेक्षकापुरती आकसून राहते.

हवेलीकडून सदनिकेकडे

१९९० च्या 'बंद दरवाजा'नंतर ही परंपरा ओसरली. अनुकरण करणाऱ्यांची गर्दी झाली होती, आणि ज्या एकत्र कुटुंबाच्या बळावर हा कारखाना चालला, त्यातील भावांचे मार्ग हळूहळू वेगळे झाले होते. केशू यांनी अक्षयकुमारला घेऊन साहसपट काढले. तुलसी आणि श्याम दूरचित्रवाणीकडे वळले आणि १९९३ पासून 'झी हॉरर शो'ने त्यांचे भूत थेट बैठकीच्या खोलीत आणून सोडले. पूर्वजांच्या वारशाने मोडलेल्या घराण्यांच्या कथा सांगणारे चित्रपट बापाच्या छत्राखाली, एका चुलीवर जेवणाऱ्या सात भावांनी निर्माण केले आणि ती चूल विभागली तेव्हा तो प्रकारही विझत गेला. ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही पटकथेपेक्षा कमी बोलकी नाही.

त्यानंतरचे झपाटलेले घर पाहिले म्हणजे समाज कोठून कोठे आला ते कळते. २००३ मध्ये रामगोपाल वर्मा यांनी 'भूत' काढला, तेव्हा हवेलीच्या जागी मुंबईतील उंच इमारतीमधली सदनिका आली. तेथे पूर्वज नाहीत; आधीच्या रहिवाशाचा मृत्यू आहे आणि घर मिळाल्याचा आनंद आहे. वारशाच्या भीतीची जागा खरेदीखताच्या भीतीने घेतली.

आणि २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने प्रेक्षकाला पुन्हा कोकणातल्या वाड्यात नेले. नारायण धारपांच्या कथेने लहानपणी मनात रुतलेल्या भीतीतून बर्वे यांना हा विषय सुचला. २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झाले, २०१५ मध्ये मोठा भाग पुन्हा चित्रित झाला. सासवडमधील एका जुन्या वाड्याचा त्यासाठी उपयोग झाला आणि खऱ्या पावसाळी आभाळासाठी एकामागून एक पावसाळे खर्ची पडले. व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो देशात प्रदर्शित झाला तेव्हा कमाई बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेहून अधिक पैसा मिळवून गेला. येथेही भूत आहे, पण खरा शाप आहे तो बापाने मुलाच्या हाती दिलेल्या लोभाचा. चाळीस दिवसांतला 'दो गज जमीन के नीचे' आणि सहा वर्षांतला 'तुंबाड' यांच्या कारागिरीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच आहे, की आधीच्या पिढीने जे पुरून ठेवले त्याचे नंतरच्या पिढीने काय करायचे? रामसे बंधूंनी जे उत्तर त्रिशुळावर सोडले, ते 'तुंबाड'ने मुलाच्या नकारावर सोडले. प्रगती झाली असेल तर ती येथे झाली.

तुलसी रामसे २०१८ मध्ये, श्याम २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये आणि गंगू २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या निधनाच्या बातम्यांबरोबर त्यांच्याविषयी आदराने लिहिण्याची लाट आली, हे ठीकच झाले. पण आदर मरणोत्तर असून भागत नाही. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर यांचे एक मत या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. संग्राहकाने चांगला-वाईट असा निवाडा करू नये, सगळे जपावे. निवाडा पुढच्या पिढ्या करतील, असे ते मानीत. हे मत आपल्या महाविद्यालयांनीही स्वीकारण्याजोगे आहे. लोकप्रिय चित्रपटाचा अभ्यास म्हणजे त्याची भलामण नव्हे. ज्या करमणुकीवर लक्षावधी लोकांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसा खर्च केला, तिच्यात त्यांनी काय पाहिले हे समजून घेणे हा समाज समजून घेण्याचाच एक भाग आहे. मुरूडच्या त्या राजवाड्याकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला नवाबाच्या वंशावळीबरोबर तेथे चित्रीकरणाचे दिवे घेऊन आलेल्या सात भावांचीही माहिती असावी, आणि त्यांच्या चित्रपटांतले खरे भूत कोणते होते हे स्वतः तपासण्याची मुभाही असावी.